विमानाचा वेडा आणि विमानाचा प्रवासी

विमानाची हौस असलेला माणूस आणि विमानाने हिंडून हिंडून विटलेला माणूस ही दोन वेगळी माणसे आहेत, असे धरून चालण्याची वाङ्मयाला सवय जडली आहे. पहिल्याच्या वाट्याला काव्य येते, दुसऱ्याच्या वाट्याला उपहास. वस्तुतः हे दोघे पुष्कळदा एकाच देहात नांदत असतात. रविवारी मुलाला खांद्यावर घेऊन जो गृहस्थ विमानांच्या कसरती पाहतो, तोच सोमवारी पहाटे चारला उठून परगावच्या बैठकीसाठी विमानतळाची वाट धरतो आणि आसनावर टेकताच डोळे मिटून घेतो. विमानाची चाके जमीन सोडतात तो क्षण पाहण्यासाठी काल तो तीन तास उन्हात तिष्ठला होता. आज तोच क्षण त्याच्या अंगाखालून निघून जातो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. हे कसे घडते, आणि त्याचे चित्र कोणा लेखकाने खरेपणाने रेखाटले आहे काय, हा प्रश्न बरेच दिवस आमच्या मनात घोळत होता. त्या निमित्ताने विमानविषयक काही पुस्तके आम्ही पुन्हा वाचली; त्यांचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

आपल्या भाषेत 'विमान' हा शब्द यंत्राच्या कितीतरी आधी आला. श्रीरामाला अयोध्येस आणणारे पुष्पक काय, किंवा तुकोबांना न्यावयास वैकुंठाहून आले म्हणून सांगतात ते विमान काय, त्यांत बसणारास श्रम पडल्याचे कोणीही लिहून ठेवलेले नाही. एवढ्या श्रीमंत शब्दाचा वारसा असूनही आमच्या वाचनात आलेल्या मराठी प्रवासवर्णनांत विमानाची बोळवण बहुधा एका परिच्छेदात होते. पट्टा बांधला, ढग कापसासारखे दिसले, चहा बेचव होता, उतरलो. उरलेला उत्साह प्राचीन विमानविद्येच्या मंडनात खर्ची पडतो. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी 'वैमानिक शास्त्र' नामक ग्रंथातील आकृती तपासून, ती विमाने उडणे शक्य नाही असा निर्वाळा दिला. तरीही वाद घालणाऱ्यांचा घसा बसलेला नाही. तेव्हा आमच्या प्रश्नापुरते दाखले आम्हांस परभाषांतूनच घ्यावे लागत आहेत, याबद्दल वाचकांनी रागावू नये.

पहिला दाखला थोडा अनपेक्षित आहे. तो फ्रान्झ काफ्का याचा. 'रूपांतर' आणि 'खटला' यांच्या या कर्त्याचे नाव घेताच कोंदट खोल्या आणि न संपणारे बोळ डोळ्यांपुढे येतात. मोकळे मैदान आणि उडणारी विमाने येत नाहीत. परंतु १९०९ च्या सप्टेंबरात हा सव्वीस वर्षांचा कारकून माक्स ब्रोड आणि त्याचा भाऊ यांच्यासह सुटीवर गार्डा सरोवराकाठी गेला असता, जवळच ब्रेशिया येथे विमानांचा मेळावा भरल्याचे तिघांना कळले आणि ते तिकडे धावले. ब्लेरिओने इंग्लंड-फ्रान्समधील खाडी विमानाने ओलांडल्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. काफ्काचे लेखन त्या दिवसांत अडले होते. ते पुन्हा सुरू व्हावे म्हणून दोघांनी या मेळाव्यावर एकेक लेख लिहावा, अशी पैज ब्रोडने सुचविली. काफ्काचा लेख, थोडी काटछाट होऊन, त्याच महिन्याच्या अखेरीस प्रागच्या 'बोहेमिया' या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाला. जर्मन वाङ्मयातील विमानाच्या अगदी पहिल्या वर्णनांत त्याची गणना होते.

या लेखाचे वैशिष्ट्य असे की त्याचा बराचसा भाग उड्डाणाविषयी नाहीच. गाडीतील गर्दी, धूळ, उतरण्याच्या जागेचा घोळ, उन्हात ताटकळलेला जनसमूह, बड्या लोकांच्या सज्जात मिरविणारे कवी दानुन्त्सिओ आणि संगीतकार पुचिनी, हे सारे आधी येते. ब्लेरिओचे यंत्र सुरू होता होत नाही. माणसे आळीपाळीने पंखा फिरवितात, थांबतात, कोठे तेल घालतात, कोठे स्क्रू पिळतात, पुन्हा फिरवितात. अमेरिकन कर्टिस, ज्याने पुढे तेथील मोठे बक्षीस पटकाविले, तो आपली पाळी येईपर्यंत निवांत वृत्तपत्र वाचीत बसलेला आहे. हौशी प्रेक्षकाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा भाग वाट पाहण्यात जातो, हे सत्य काफ्काने पहिल्याच फटक्यात हेरले. जो कोणी आज बंगळूरनजीक येलहंक्याच्या मैदानावर, जेथे १९९६ पासून बहुधा एक वर्षाआड हा सोहळा भरतो, सकाळपासून डोक्यावर रुमाल टाकून बसला असेल, त्यास हे वर्णन एका शतकापूर्वीचे वाटणार नाही.

आणि मग यंत्र उडते. येथे काफ्का उचंबळून जात नाही. वीसेक मीटर उंचीवर एक माणूस लाकडी सांगाड्यात अडकून, स्वखुशीने पत्करलेल्या संकटाशी झगडतो आहे, एवढेच तो पाहतो. ही दृष्टी कोठून आली, याचा खुलासा त्याच्या चाकरीत सापडतो असे आम्हांस वाटते. काफ्का आदल्या वर्षापासून कामगारांच्या अपघात-विम्याच्या कचेरीत नोकरीस होता. लाकूड रंधणाऱ्या यंत्रांत कामगारांची बोटे कशी जातात आणि ती कशी वाचविता येतील, यावर याच सुमारास तो कचेरीसाठी टिपणे लिहीत होता. सामान्य प्रेक्षकाला पंख दिसतात. अपघाताच्या कागदांवर जगणाऱ्याला आधी माणूस दिसतो आणि मग यंत्र. हौस आणि धास्ती एकाच नजरेत आल्यामुळे हा लहानसा लेख दानुन्त्सिओसारख्यांच्या विमानस्तोत्रांहून टिकाऊ ठरला आहे. शेवटी तिघे मित्र परतीच्या गाडीसाठी मेळावा संपण्यापूर्वीच निघतात. रूजिए नावाचा फ्रेंच वैमानिक त्या वेळी उंच उंच चढतो आहे, आणि हे घोडागाडीतून पुन्हा पुन्हा मागे वळून पाहताहेत. ज्यास दुसऱ्या दिवशी कामावर जावयाचे आहे अशा माणसाने पाहिलेले हे उड्डाण आहे.

या लेखानंतर तीन वर्षांनी काफ्काने 'रूपांतर' लिहिले. त्याचा नायक ग्रेगोर साम्सा कापडाचा फिरता विक्रेता आहे, हे वाचक बहुधा विसरतात, कारण पहिल्याच वाक्यात तो किड्याच्या रूपात जागा होतो आणि मग दुसरे काही सुचत नाही. परंतु ग्रेगोरला त्या सकाळी आधी किड्याची चिंता पडत नाही. पाच वाजताची आगगाडी चुकल्याची पडते. गाड्या गाठण्याची सततची धास्ती, अवेळचे निकृष्ट जेवण, रोज नवी माणसे आणि त्यांतील एकाशीही जिव्हाळा नाही, असा त्याच्या चाकरीचा पाढा तो अंथरुणातच वाचतो. ज्या लेखकाने ब्रेशियाच्या मैदानावर मान वर करून पाहिले, त्यानेच कामाकरिता कराव्या लागणाऱ्या प्रवासाचा हा शीण सांगितला. दोन्ही अनुभव त्याच्यापाशी होते. पण ते त्याने एकाच पात्राला दिले नाहीत. ग्रेगोर कधी विमाने पाहावयास गेला असता तर? हा प्रश्न टीकाकाराने विचारू नये असे शास्त्र आहे, तरी आम्हांस तो सोडवत नाही.

पुढच्या पिढीत विमानाचे वाङ्मय वैमानिकांच्या हाती गेले. त्यांतील सर्वश्रेष्ठ म्हणजे फ्रेंच लेखक सेंत एक्झ्युपेरी. १९२६ पासून तो टपाल नेणाऱ्या विमानांवर होता, आणि १९४४ च्या ३१ जुलैला भूमध्य समुद्रावरील टेहळणीच्या उड्डाणातून तो परतलाच नाही. इंग्रजीत 'विंड, सँड अँड स्टार्स' या नावाने गाजलेले त्याचे १९३९ चे पुस्तक आम्ही तरुणांच्या हाती आनंदाने देतो. त्याच्या भाषेचे तेज वादातीत आहे. तथापि त्या पुस्तकाच्या आरंभीचा एक प्रसंग प्रत्येक वाचनात आम्हांस सलतो. पहिल्या टपाल-उड्डाणाच्या पहाटे लेखक तुलूझच्या विमानतळाकडे जुनाट मोटारीतून चालला आहे. सोबत पेंगुळलेले कारकून आहेत. आजारपण, पैसा, संसाराच्या कटकटी यांविषयी ते दबक्या आवाजात बोलत आहेत. लेखक त्यांतील एका वृद्ध नोकरदाराला मनातल्या मनात उद्देशून सांगतो की, तू वाळवीप्रमाणे स्वतःला चोहीकडून लिंपून घेतलेस आणि आता तुझ्यातील कवी किंवा ज्योतिर्विद जागा होणे नाही.

वाक्ये सुंदर आहेत, आणि अन्यायाची आहेत. त्या वृद्धाने कधी आकाशाकडे पाहिले की नाही, हे लेखकास कोठून कळले? त्याने विचारलेही नाही. मेळाव्यांची मैदाने भरतात ती कोणाच्या पैशांनी? रविवारी डबा बांधून येणाऱ्या याच कारकुनांच्या. वैमानिकाला आकाश पगारासह मिळते. कारकुनाला ते तिकीट काढून, कुंपणाबाहेरून पाहावे लागते, आणि तरीही तो येतो. याच पुस्तकाच्या अखेरीस सेंत एक्झ्युपेरी रात्रीच्या आगगाडीत तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून, मायदेशी परतणाऱ्या पोलिश मजुरांमधून हिंडतो, आणि तेथे झोपलेल्या एका बालकाकडे पाहून त्याचे हृदय द्रवते. मजुराला त्याने दिलेली ही करुणा मधल्या वर्गातल्या नोकरदाराला मात्र मिळाली नाही. आमच्या बहुतेक वाचकांची गणना त्या मधल्या वर्गात होते, आणि आमचीही. म्हणून कदाचित आम्हांस हे अधिक लागत असेल.

त्या वृद्ध कारकुनाला न्याय दिला तो एका इंग्रज एंजिनीअराने. नेव्हिल शूट हा स्वतः विमाने बांधणारा. त्याने विमानांचा कारखाना काढला व चालविला, आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. उच्च वाङ्मयाच्या दरबारात त्याला आसन नाही. परंतु १९४८ ची त्याची 'नो हायवे' ही कादंबरी आमच्या विषयाच्या दृष्टीने या सर्व पुस्तकांत मोलाची आहे. तिचा नायक थिओडोर हनी हा फार्नबरो येथील सरकारी विमान-संशोधन संस्थेत काम करणारा, गबाळ्या वेषाचा, बायको वारलेला, एका लहान मुलीचा बाप. तेथे तो धातूला येणाऱ्या थकव्याचा अभ्यास करतो. एखादा भार एकदा पडला तर धातूला काही होत नाही. पण तोच क्षुल्लक भार हजारो वेळा पडला म्हणजे कोठेतरी न दिसणारी भेग पडते, आणि एके दिवशी कसलाही इशारा न देता तुकडा पडतो. 'रेनडिअर' जातीच्या नव्या विमानाची शेपटी सुमारे १४४० तासांच्या उड्डाणानंतर अशी तुटेल, असे हनीचे गणित आहे. कोसळलेल्या एका विमानाचे अवशेष तपासण्यासाठी त्याला सरकारी कामावर कॅनडाला धाडतात. मध्यरात्री अटलांटिकवर असताना त्याच्या लक्षात येते की आपण बसलो आहोत ते विमानही रेनडिअरच आहे, आणि त्याचे तास भरत आले आहेत.

वाचकहो, कामानिमित्त प्रवास करणाऱ्या माणसाचे एवढे अचूक चित्र आम्ही दुसरीकडे पाहिलेले नाही. बाकीचे प्रवासी झोपले आहेत, कारण त्यांच्या दृष्टीने विमान म्हणजे एक खोली. हनीला झोप लागत नाही, कारण त्याला त्या खोलीच्या भिंती ठाऊक आहेत. तो वैमानिकाला सांगतो. वैमानिकाला पटत नाही. शेजारच्या प्रसिद्ध नटीला तो, कोठे बसल्यास वाचण्याचा संभव अधिक, हे संकोचत सांगतो. गँडरच्या तळावर विमान सुखरूप उतरते, पुन्हा उडावयास सिद्ध होते, आणि आता कोणीही आपले ऐकत नाही असे दिसताच हा भिडस्त मनुष्य चाके आत घेण्याचा दांडा ओढून उभे विमान जमिनीवर बसवितो. सेंत एक्झ्युपेरीच्या त्या पहाटेच्या मोटारीत हनी बसला असता तर लेखकाने त्यालाही वाळवीत काढले असते.

कादंबरीनंतर सहा वर्षांनी, १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये, 'कॉमेट' जातीची दोन ब्रिटिश जेट विमाने भूमध्य समुद्रावर आकाशातच फुटली. फार्नबरोच्याच शास्त्रज्ञांनी त्या जातीच्या एका विमानाचा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर पुन्हा पुन्हा दाब दिला आणि कारण शोधून काढले. ते धातूचा थकवा हेच होते. यावरून शूटला भविष्यवेत्ता ठरविण्याची हौस पुष्कळांनी भागवून घेतली आहे. आम्हांस त्याहून महत्त्वाचे वाटते ते असे की, प्रत्येक फेरी निरुपद्रवी असूनही फेऱ्यांची बेरीज घात करते, हे तत्त्व माणसालाही लागू पडते, आणि शूटने ते एकदाही उघड बोलून दाखविलेले नाही. आजच्या एखाद्या लेखकाने त्यावर दोन पाने खर्चिली असती.

आजच्या लेखकांकडे वळावयाचे तर वॉल्टर कर्न या अमेरिकन कादंबरीकाराची 'अप इन द एअर' ही २००१ ची कादंबरी समोर येते. २००९ साली तिच्यावर निघालेला चित्रपट आपल्याकडेही पुष्कळांनी पाहिला आहे. नायक रायन बिंगम याचा धंदा असा की, नोकरीवरून काढलेल्या लोकांची गावोगाव जाऊन समजूत घालावयाची. त्याने राहते घर सोडून दिले आहे. विमान कंपनीच्या हिशेबी दहा लक्ष मैल पुरे करणे ही त्याची एकमेव आकांक्षा. विमानतळ, तेथील उपाहारगृहे, भाड्याच्या मोटारी, एकसारख्या दिसणाऱ्या खोल्या यांचे एक स्वतंत्र राष्ट्रच असून आपण त्याचे नागरिक आहोत, ही त्याची कल्पना मोठी मार्मिक आहे. कर्नची विनोदबुद्धी तीक्ष्ण आहे, आणि जेथे तो व्यापारी भाषेतील पोकळ शब्दांची रेवडी उडवितो तेथे हसू आवरत नाही.

तरीही पुस्तक मिटल्यावर मन कोरडे राहते. आमच्या मते याचे कारण असे की, बिंगमचे प्रेम विमानावर कधीच नव्हते. त्याला मैलांचा आकडा प्रिय आहे, व्यवस्था प्रिय आहे. आपण कोणत्या यंत्रात बसलो आहोत याची त्यास फारशी फिकीर नाही. त्याचा थकवा पाहून आपण हसतो, पण हळहळत नाही, कारण थकव्याने त्याचे काय हिरावून घेतले हे आपल्याला दिसत नाही. जो कधीकाळी वहीत विमानांचे क्रमांक टिपीत असे, नुसत्या आवाजावरून यंत्र ओळखीत असे, अशा माणसाला जर आसनाचा क्रमांक सोडून काही आठवेनासे झाले, तर ती शोकांतिका होईल. बिंगमची नुसती गैरसोय झाली आहे.

आणि हा दोष एकट्या कर्नचा नव्हे. ज्या जगाचे तो चित्र काढतो त्या जगानेच विमान दृष्टीआड केले आहे. मेळाव्यात विमान नखशिखांत दिसते, कारण त्याला कोठेही जावयाचे नसते. प्रवाशाला मात्र जावयाचे असते, म्हणून त्याला ते दिसत नाही. पूर्वी मैदानावरून चालत जाऊन शिडी चढावी लागे. तेवढ्यात पंख, चाके, पंखे यांची ओझरती भेट होई. आता मोठ्या विमानतळांवर बंद बोगद्यातून थेट आसनापाशी पोहोचतात. वीतभर खिडकी, आणि तीही बाजूच्याने झाकलेली. पॅरिसच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात, ज्याचा प्रारंभ काफ्काच्या ब्रेशियाच्याच वर्षी झाला, पहिले दिवस व्यापाऱ्यांसाठी आणि शेवटचे दिवस सामान्य जनांसाठी राखलेले असतात. येलहंक्यासही तीच रीत. यंत्र एकच, पाहणारे दोन. आणि दोघांची गाठ पडू नये अशी व्यवस्था पंचांगातच केलेली!

धंदा आणि हौस यांचे असे वैर जन्मजात असते असे मात्र नाही. जे. आर. डी. टाटा यांनी १९३२ च्या १५ ऑक्टोबरला 'पुस मॉथ' हे लहानसे विमान स्वतः चालवीत कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर टपाल आणले. तो व्यापाराचा प्रारंभ होता. पन्नास वर्षांनी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी तसल्याच जुन्या विमानातून तोच प्रवास पुन्हा केला. त्या दुसऱ्या फेरीत व्यापाराचा लाभ कोणता होता?

अलीकडच्या पुस्तकांत या दुभंगाला हात घालणारे एक आम्हांस ठाऊक आहे, ते म्हणजे मार्क व्हानहूनेकर यांचे 'स्कायफेअरिंग' (२०१५). लहानपणापासून विमानांचा नाद, मग काही काळ उद्योगधंद्यांना सल्ला देणाऱ्या संस्थेतील नोकरी, आणि त्यानंतर, २००१ मध्ये, ती सोडून वैमानिकाचे शिक्षण. अशा मार्गाने ते 'बोइंग ७४७' च्या चालककक्षात पोहोचले. खिडकीजवळ बसणारा प्रवासी आणि चालक अशा दोन्ही भूमिका ते जाणतात, म्हणून प्रवाशाविषयी त्यांच्या लेखणीत तुच्छता नाही. एका दिवसात एवढे अंतर कापल्यावर मन मागच्याच गावी रेंगाळते, या अवस्थेला त्यांनी दिलेले नाव आणि तिचे केलेले वर्णन अत्यंत मनोवेधक आहे. परंतु पुस्तकात गोडवा जरा अधिकच मुरला आहे. शीण येतो तोही अत्तर लावून येतो. सल्लागाराच्या नोकरीची ती वर्षे, जी आमच्या मते पुस्तकाचे खरे भांडवल ठरली असती, ती त्यांनी भरभर ओलांडली आहेत. जो नोकरी सोडून वैमानिक झाला त्याने आपला प्रश्न सोडविला. जो नोकरीतच राहिला, ज्याला मंगळवारी दिल्ली आणि गुरुवारी चेन्नई आहे आणि तरी येलहंक्याची तारीख ज्याने भिंतीवर लिहून ठेवली आहे, त्याचे पुस्तक अद्याप लिहिले जावयाचे आहे.

तोपर्यंत ज्यांना यांतील एकच पुस्तक वाचण्यास सवड आहे त्यांनी शूटची कादंबरी वाचावी, अशी आमची शिफारस आहे. तीत दोष पुष्कळ आहेत. स्त्रीपात्रे भाबडी आहेत. नटी आणि विमानातील परिचारिका या दोघींनीही हनीवर एवढा जीव टाकावा हे पटत नाही, आणि शेवटचा भाग अद्भुताच्या आश्रयाला जाऊन ढिला पडतो. पण अटलांटिकवरील त्या रात्रीची पाने वाचताना हे दोष आठवत नाहीत. १९५१ साली निघालेला तिचा चित्रपटही बरा आहे, त्यातील हनीचे काम जेम्स स्ट्युअर्ट यांनी केले आहे. मात्र तो पुस्तकानंतर पाहावा.